होडी मोडावी की जोडावी?

संसारात बाईच्या वाट्याला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, ‘दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं?’ मिक्सरचं भांडं गळायला लागलं की हा प्रश्न. साडीचे काठ शाबूत आणि अंग विरलेलं, की हाच प्रश्न. आपण बायका असे निकाल रोज लावत असतो आणि त्याबद्दल कुणी आपल्याला हुशार म्हणत नाही. पण हाच प्रश्न अठरा फुटी होडीच्या रूपाने माझ्या अंगणात आला, तेव्हा मात्र ती एकदम ‘पुरुषांची बाब’ झाली! तरीही निकाल शेवटी माझ्या वहीत लागला. तो कसा लागला, ते मैत्रिणींना सांगावंसं वाटलं. होडी तुमच्याकडे नसेल, पण जुन्या वस्तूचा असा पेच प्रत्येकीच्या घरी असतोच.

आम्ही मालवणचे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मी आठवड्यातले चार दिवस शाळेत अर्धवेळ शिकवते, उरलेल्या वेळात शिकवण्या नि घर. आमचे ‘हे’ एका सोसायटीत कारकून. मामंजींनी मात्र जन्मभर मासेमारी केली. १९९८ साली त्यांनी लाकडी होडी सोडून फायबरची घेतली. २०१५ साली मामंजी गेले. त्यांच्या आजारपणात इंजिन विकावं लागलं, होडी तेवढी राहिली. परसात माडांच्या पलीकडे, दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली. आठ पावसाळे ती तशीच होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत, मुलं लपाछपी खेळत, आणि मी तिच्या पाठीवर कधीमधी कोकमं वाळत घालत असे.

२०२३ च्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदमच घडल्या. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधणारे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “होडी देता का? फाटकापाशी ठेवू, फुलझाडं लावू तिच्यात. लोक फोटो काढतात.” आठ हजार देईन म्हणाले. आणि त्याच आठवड्यात धाकटे भाऊजी घरी आले. ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. जाऊबाईंना सातवा महिना लागलेला. आठ हजारांची गोष्ट ऐकली मात्र, ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “वैनी, होडी विकू नकात. मी ती उभी करतंय.”

झालं! घरात तीन पक्ष पडले. ‘हे’ म्हणाले, विकून टाका, पंचवीस वर्षांची होडी, तिच्यात पैसे म्हणजे समुद्रात पैसे. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. भाऊजींचा तर हट्टच. मी काहीच बोलले नाही, कारण सगळ्यांची नजर शेवटी कुठे वळणार ते मला ठाऊक होतं. शिकवण्यांच्या पैशांतून पोस्टात साठवलेले माझे साठ हजार रुपये! ते लेकीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी होते, दोन वर्षांनी लागणार होते.

एक मात्र मी त्या रात्रीच ठरवलं. जी वस्तू आपल्याला कळत नाही, तिच्यावर पैसा घालायचा नाही आणि ती फुकून टाकायचीही नाही. आधी ती समजून घ्यायची.

आता फायबर म्हणजे काय? आपल्या आज्या जुन्या सुपाला, टोपलीला कागदाचा लगदा नि मेथीची खळ लावून लिंपत असत, आठवतं? फायबरची होडी हे त्याचंच मोठं भावंडं. लगद्याच्या जागी काचेच्या बारीक तंतूंची चटई, तिला म्हणतात मॅट, आणि खळीच्या जागी रेझिन. साच्यात एकावर एक थर बसवत जायचे. रेझिन हे मधासारखं दाट असतं, ते आपलं आपण लवकर घट्ट होत नाही. त्याला विरजण लावावं लागतं, ते म्हणजे हार्डनर. विरजणासारखंच ते थोडंसंच, शंभराला एक-दोन भाग. एकदा घट्ट झालं की मात्र ते परत पातळ होत नाही, कितीही तापवा. काचेचा असा धागा अमेरिकेत १९३० च्या दशकात कारखान्यांत निघू लागला आणि १९४० नंतर त्याच्या होड्या होऊ लागल्या. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनंतर लाकडी ओंडक्यांच्या कट्टुमरमची जागा कितीतरी ठिकाणी फायबरच्या होड्यांनी घेतली. या होड्यांना वाळवी लागत नाही, त्या कुजत नाहीत. म्हणूनच लोक समजतात की त्या अमर आहेत. तसं नाही. फायबर कुजत नाही, पण त्याच्या पोटात घातलेलं लाकूड कुजतं! गोम आहे ती इथे.

भाऊजींनी फायबरचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आणले. त्यांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने होडीच्या अंगावर ठोकायला सुरुवात केली, वीतभर अंतरावर एकेक ठोका. मी बाजूला उभी होते. पाच मिनिटांतच मला उमगलं, अगं, हे तर आपण बाजारात मडकं घेताना करतो तेच! जिथे थर एकजीव आहेत तिथे खणखणीत आवाज, जिथे थर सुटलेत किंवा आत ओल आहे तिथे ‘बद्द’. मी दांडा मागून घेतला आणि उरलेली अर्धी बाजू मी ठोकली. मिस्त्री हसले, पण नंतर मी खडूने केलेल्या खुणा त्यांनी तपासल्या आणि एकही पुसली नाही.

“आवाज ऐकलात मां, वैनी? पुढे बरी आसा. पाठी कुसलेली आसा,” ते म्हणाले.

पाठी म्हणजे मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं. ती वरून फायबरची दिसते, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार जातात. त्या भोकांचं तोंड नीट बुजवलेलं नसलं की पाणी थेंब थेंब आत शिरतं आणि वरून कीर्तन, आतून तमाशा! मिस्त्रींनी आतल्या अंगाने ड्रिलने बारीक भोक पाडलं. निघालेला भुसा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. काळा, ओला, कुजट वासाचा. चांगल्या प्लायचा भुसा कोरडा नि फिकट असतो, तो त्यांनी दुसऱ्या ठिकाणी भोक पाडून दाखवला. गंमत म्हणजे लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त कुजवतं. मिठात घातलेली कैरी टिकते नि साध्या पाण्यातली नासते, तसंच की हे!

बाकीच्या खोडी त्यांनी एकेक दाखवल्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या, त्या बहुतेक वरच्या रंगीत थराच्या, म्हणजे जेलकोटच्या. त्या जिवावरच्या नव्हेत. हात फिरवला की खडूची भुकटी लागते, ते उन्हाने झालेलं. पॉलिश नाहीतर नवा थर दिला की झालं. तीन ठिकाणी मात्र भेग थरांच्या आत गेलेली, तिथे दाबलं की अंग हलत होतं. त्या जागा घासून नव्याने थर द्यायला हव्यात. कायम पाण्यात उभ्या राहणाऱ्या होड्यांच्या तळाला फोड येतात, ते फोडले की आंबूस वासाचं पाणी निघतं. तसे फोड आमच्या होडीला नव्हते, कारण मामंजी ती रोज किनाऱ्यावर ओढून घेत.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट. होडी पालथी होती! ती उताणी ठेवली असती तर कोकणातले आठ पावसाळे तिच्यात साचले असते आणि तळातल्या आडव्या-उभ्या लाकडांचा चिखल झाला असता. मामंजी दर पावसाळ्याआधी ती पालथी घालत, शेवटच्या आजारपणातही त्यांनी शेजारच्या पोरांना बोलावून ती पालथी करून घेतली होती. माणसाची शिस्त त्याच्यामागे किती वर्षं पैसे वाचवत राहते, बघा.

मिस्त्रींनी खर्च सांगितला अडतीस हजार. तेवढ्याच मापाच्या नव्या होडीचा भाव भाऊजींनी आणला, दीड लाख. “बघा वैनी, पाव किमतीत काम!” ते खूष होऊन म्हणाले. मी म्हटलं, थांबा, असा हिशेब नसतो. मी मुलांच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली आणि रकाने आखले.

पहिली गोष्ट, आठ हजारांचं गिऱ्हाईक दारात आहे. होडी ठेवली म्हणजे ते आठ हजार सोडले. तेव्हा ते दुरुस्तीच्या खर्चातच धरायला हवेत. दुसरी गोष्ट, मुंजीपासून गच्चीच्या गिलाव्यापर्यंत कुठलंही काम ठरल्या पैशांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून अडतीसवर दहा हजार वाढीव धरले. झाले अठ्ठेचाळीस, आणि सोडलेले आठ, एकूण छप्पन्न. तिसरी गोष्ट, वर्षं. मिस्त्री म्हणाले, निगा राखली तर दहा वर्षं बघायला नको. मी पाचच धरली. नव्या होडीची पंधरा. आता भागाकार केला. दुरुस्त होडी पाच वर्षांनी वर्षाला अकरा हजार दोनशेला पडत होती, आणि नवी वर्षाला दहा हजारांना. म्हणजे पाव किमतीतलं काम मुळात स्वस्त नव्हतंच! दहा वर्षं टिकली तर मात्र वर्षाला पाच हजार सहाशे. इंजिनाचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तुलनेतून मी तो वगळला. पण तुलनेतून वगळला म्हणून खिशातून वगळता येत नाही, तेव्हा त्याची वेगळी ओळ लिहून खाली ठळक रेघ मारली. फायबरचं अंग हा होडीतला खर्चाचा लहान भाग असतो, हे या ओळीने घरातल्या सगळ्यांना समजलं.

भाऊजींचा चेहरा उतरला. “मग सोडायची?” त्यांनी विचारलं.

तर तसंही नव्हतं. हिशेबात आणखी एक गोष्ट होती आणि तिचा आकडा नव्हता. भाऊजींना स्वतःची होडी चालवणं जमेल की नाही, मासळी मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. नवी घेऊन जमलं नाही तर दीड लाखाचं कर्ज डोक्यावर. जुनी दुरुस्त करून जमलं नाही तर नुकसान छप्पन्न हजारांचं, आणि तेही पुरतं नव्हे, कारण दुरुस्त होडीला गिऱ्हाईक मिळतं. ज्या कामाचा भरवसा नाही ते लहान भांड्यात करून बघावं, हे आपल्याला स्वयंपाकघर शिकवतंच.

सासूबाईंचं मन राखणं हा मोठा प्रश्न होता. आठवणींचा रकाना मी हिशेबात मुद्दाम घातला नव्हता. आठवणींना मोल नसतं म्हणून नव्हे, तर त्या प्रत्येक आकड्याच्या मानेवर बसतात म्हणून. संध्याकाळी तांदूळ निवडताना मी त्यांना सरळ विचारलं, “आई, आत सगळंच कुजलेलं निघालं तर?” मला वाटलं, आता रडतील. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, “गो, आधीची लाकडाची होडी कुसली तेव्हा तुझ्या सासऱ्यांनीच तिच्यार कुऱ्हाड घातली. एक दिस जेवले नाय. दुसऱ्या दिसा त्याच फळ्यांचा गोठ्याक दार केल्यानी.” ते दार मी लग्न होऊन आल्यापासून रोज उघडते, पण ते होडीचं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग मला एक नवीच अडचण दिसली. लाकडी होडी मोडली तर दार होतं, नाहीतर चूल पेटते. फायबरचं काय करणार? ते वितळत नाही, त्याचं दुसरं काही घडत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर. किनाऱ्यावर अशा मोडक्या होड्यांचे सांगाडे वर्षानुवर्षं पडून असतात. म्हणजे न मोडणाऱ्या वस्तूची जबाबदारीही न मोडणारी!

शेवटी मी निकाल दिला, पण अटी घालून. पहिली अट, आधी फक्त मागची फळी उघडायची. त्याला तीन हजार. आत तळाच्या लाकडापर्यंत कूज पोचली असेल तर तिथेच थांबायचं, होडी फुलझाडांना द्यायची आणि कुणी हळहळायचं नाही. दुसरी, एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजारांपुढे एक रुपया नाही. तिसरी, माझ्या पैशांतले तीस हजारच मिळतील, तेही उसने, कागदावर लिहून. लेकीची फी भरायच्या आधी परत. बाकीचे आणि इंजिनाचे भाऊजींनी उभे करायचे. घरच्या घरी कसला कागद, असं ‘ह्यां’ना वाटलं. मी म्हटलं, नाती टिकावीत म्हणूनच कागद. भाऊजींनी मात्र काही न बोलता सही केली आणि जाऊबाईंनीही केली.

फळी उघडली तेव्हा आतलं प्लाय चमच्याने खरवडून निघालं, ओल्या नाचणीच्या पिठासारखं. सगळे तळाकडे वाकून बघत होते. तिथे ठोकलं, भोक पाडलं, भुसा कोरडा निघाला! आमच्या पहिल्या अटीतून होडी पार पडली.

काम डिसेंबर ते फेब्रुवारी चाललं. पावसाळ्यात हे काम करूच नये. ओलसर मॅटला रेझिन धरत नाही. थंडीतही दव वाळेपर्यंत, दहा वाजेपर्यंत मिस्त्री हात लावत नसत. चार कामांतलं तीन हिस्से काम घासण्याचं असतं. भेगेच्या दोन्ही अंगांनी लांबवर उतरता उतार करावा लागतो, जाडीच्या बारा पट, तेव्हा कुठे नवा थर जुन्याला धरतो. नुसती वरून चिकटवलेली पट्टी म्हणजे फाटक्या परकराला टाचणी! रेझिन थोडं थोडंच कालवायचं. मोठं डबाभर कालवलं तर ते स्वतःच तापतं, धूर निघतो. आणि कोबाल्ट नावाचं एक द्रव्य रेझिनमध्ये मिसळतात, ते आणि हार्डनर ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, आग लागते. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. या बाटल्या घरात, मुलांच्या हाताशी ठेवू नयेत.

घरच्या बाईला एक आणखी सांगते. घासताना उडणारी काचेची कूस अंगाला लागली की विलक्षण खाज सुटते. चोळायचं नाही. आधी गार पाण्याची धार सोडायची, मग साबण. नाका-तोंडाला मास्क नि डोळ्यांना चष्मा हवाच. कामाचे कपडे बाहेर झटकून अगदी वेगळे धुवायचे आणि बादलीही दोनदा विसळायची. नाहीतर ती कूस मुलांच्या कपड्यांत जाते. गर्भार बाईने तर त्या वासाच्या आसपासही जाऊ नये. जाऊबाईंना मी तेवढे दिवस त्यांच्या माहेरी पाठवलं.

नवी फळी मरीन प्लायची बसवली, प्रत्येक भोक रेझिनने बुजवून मग बोल्ट घातले. खर्च झाला चव्वेचाळीस हजार. मिस्त्रींच्या अंदाजापेक्षा सहा जास्त, माझ्या मर्यादेपेक्षा चार कमी. भाऊजींनी सोसायटीचं कर्ज काढून जुनं इंजिन घेतलं, मासेमारी खात्याकडून कागदपत्रं करून घेतली, आणि दोन लाइफ जॅकेटं मी हट्टाने घ्यायला लावली. मार्चमध्ये होडी पाण्यात गेली. तोवर जाऊबाईंना मुलगा झाला होता.

परवडली का? लोक विचारतात. एखाद्या आठवड्यात टोपली भरून बांगडे-सौंदाळे येतात, एखाद्या आठवड्यात पेट्रोलही सुटत नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी, तेव्हा मिळकत नाही. तरी माझे तीस हजार लेकीच्या फीच्या आधी परत आले, शेवटचे दोन हजार भाऊजींनी सुट्या नोटांत, मासळीच्या वासासकट आणून दिले. सोसायटीचं कर्ज अजून फिटायचं आहे. पण ते रात्री घरी जेवतात. मुलगा त्यांना ओळखतो. ही ओळ मी कुठल्या रकान्यात लिहू?

आमच्या गल्लीतल्याच एकांनी आमचं बघून त्यांची जुनी होडी काढली. ती उताणी पडलेली, पावसाचं पाणी साचलेली. मिस्त्रींच्या आधी मीच जाऊन ठोकून आले. सगळीकडे ‘बद्द’. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, “वहिनी, हिच्यावर पैसे घालू नका.” त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. जुनं जपावं हे जितकं खरं, तितकंच कुठे थांबावं हे ठरवून मगच हात घालावा, हेही खरं. भावनेने होडी अंगणात राहते. पाण्यात ती जाते ती ठोकून, ऐकून आणि हिशेब करूनच. आणि पावसाळ्याआधी, मैत्रिणींनो, ती आठवणीने पालथी घालावी लागते. यंदाही आम्ही घातली.